जेवोनि आलो, तुम्ही बैसा

आमच्या नुकुदामू बेटाला दोन टोकं आहेत. एका टोकाला आमचं गाव, दुसऱ्या टोकाला कुणी नाही. मधे पाऊण तासाची पायवाट, नारळाची झाडं आणि इनोकेमामाची डुकरं, जी मामाच्या मते हरवलेली आहेत आणि डुकरांच्या मते नाहीत.

गावात एक रीत आहे. दार उघडं टाकून जेवायला बसायचं आणि दारावरून कुणीही गेलं की हाक मारायची, "या, जेवायला!" जाणाऱ्यानं न थांबता म्हणायचं, "जेवून आलोय, तुम्ही बसा!" तो जेवून आलेला नसतो. आपल्याकडेही त्याला पुरेल एवढं नसतं. दोघांनाही हे माहीत असतं आणि दोघांनाही बरं वाटतं. एकदा राजधानी सुवाहून आलेला जमीन मोजणारा सरकारी माणूस खरंच आत येऊन बसला. त्याला जाऊन सोळा वर्षं झाली, पण गावात अजून त्याचं नाव 'तो जेवलेला' असंच आहे.

या रीतीला दोन पोटकलमं आहेत. एकच घर रोज बोलावत राहिलं, तर कधीतरी जावं लागतं. नाही गेलं तर भांडण आहे असं धरतात. आणि जेवून आलं की रांधणारीला एकदा आपल्याकडे बोलवावं लागतं. एवढं लक्षात ठेवा. बाकीचं मलाही कळलेलं नाही.

मी आपाकुकी. वय तेवीस. सुवात सहा महिने हॉटेलच्या कामाचं शिकलो, त्यात टॉवेलचा हंस करायला दोन महिने गेले. परत आलो तेव्हा दुसऱ्या टोकाला रिसॉर्ट उभं राहत होतं.

तिकडे पूर्वी गाव होतं. पणजोबांच्या लहानपणी कसलीशी साथ आली आणि एका महिन्यात ते गाव रिकामं झालं. उरलेले चालत इकडच्या टोकाला आले, ते म्हणजे आम्ही. तिकडे राहिली घरांची दगडी जोती, ओळीनं बारा, पलीकडे सभाघराचं एक मोठं, आणि नीरफणसाची झाडं, ज्यांचे नीरफणस कुणी तोडत नाही. न्यूझीलंडहून हॅमिश आला, त्यानं ती जोती बघितली आणि म्हणाला, "अरे, पाया तर तयारच आहे!" बारा जोती, बारा झोपड्या. मोठ्या सभाघराच्या जोत्यावर जेवणाचं दालन, समुद्राकडे तोंड करून, खाली चटया आणि बुटकी मेजं.

विचारल्याशिवाय काही केलं नाही, हे नमूद करतो. इनोकेमामा गावाचा कारभारी. त्यानं यंगोनाचं मूळ, ज्याचं मानाचं पेय करतात ते, रीतसर जोत्यावर ठेवलं, तीन टाळ्या वाजवल्या आणि रिकाम्या गावाला सांगितलं, की आम्ही इथे थोडी घरं बांधतोय, तुमची परवानगी असावी. मग आम्ही बराच वेळ थांबलो. कुणी काही बोललं नाही.

"गप्प आहेत म्हणजे हो म्हणतायत," मामा म्हणाला.

"माझं लग्नही तू असंच ठरवलंस," केलेराआत्या म्हणाली.

आत्या म्हणजे माझ्या बापाची बहीण. गावातल्या प्रत्येक लग्नाचा, मयताचा आणि नाताळचा स्वयंपाक गेली तीस वर्षं तिच्या हातचा. नवरा समुद्रानं नेला, मुलं ऑस्ट्रेलियात द्राक्षं तोडायला गेली. धाकट्या सुनेनं तिला सुवाला राहायला बोलावलं होतं. आत्या जाऊन बघून आली. सुनेच्या शेगडीवर चिठ्ठी चिकटवलेली होती: हात लावू नये.

"तिथं मला मरण आलं तरी चालेल," आत्या म्हणाली, "पण जगायला सांगू नका."

म्हणून रिसॉर्टचं स्वयंपाकघर तिला हवं होतं. नुसतं हवं नव्हतं. तिथल्या पातेल्यांची झाकणं तिनं आधीच स्वतःच्या हिशेबानं लावून ठेवली होती. हॅमिशचं म्हणणं, पहिले सहा आठवडे बघू. पाहुणे खूश झाले तर स्वयंपाकघर केलेराचं. नाही तर सुवाहून शिकलेला शेफ येणार. त्या शेफचा फोटो आला होता. हातावर गाजर गोंदलेलं होतं.

"ज्याला गाजर विसरायची भीती वाटते," आत्या म्हणाली, "त्याच्या हाती माझी भट्टी देणार?"

हॅमिश वाईट माणूस नव्हता. त्याच्या दोनच अडचणी होत्या. एक, तो दुपारी बारानंतर काही खात नसे, कारण त्याचा फोन त्याला खाऊ देत नसे. बारा वाजले की फोन टुणकन वाजे आणि हॅमिश हातातला घास खाली ठेवी. संध्याकाळी सहाला त्याचे डोळे इतके खोल गेलेले असत, की पाहुण्यांना तो फार आध्यात्मिक वाटे. दुसरी अडचण, आमच्या भाषेतला एकच शब्द त्याला येत होता: ईयो. म्हणजे हो. गावात कुणी काहीही विचारलं की तो ईयो म्हणायचा. त्यामुळे त्याच्या मालकीची तीन डुकरं झाली होती, इंजिन नसलेली एक होडी आणि चर्चच्या छपराची जबाबदारी.

आमची जेवायला बोलावण्याची रीत त्यानं गावात बघितली आणि तो भारावला. दुसऱ्याच दिवशी किनाऱ्यावर फळी लागली, हातभर अक्षरांची: या, जेवायला! मला काम मिळालं. रोज संध्याकाळी सहाला, सूर्य पाण्याला टेकत असताना, दालनाच्या ओट्यावर उभं राहून पोखरलेल्या खोडाचा मोठा नगारा वाजवायचा आणि तीनदा हाक मारायची. पाहुणे त्याचे व्हिडिओ काढतील.

"हाक कुणाला मारू?" मी विचारलं.

"किनाऱ्याला," हॅमिश म्हणाला. "वातावरणाला!"

आत्यानं पातेलं ढवळता ढवळता मान हलवली. "माणूस दिसल्याशिवाय जेवायला बोलवू नये."

"का गं?"

"ते मला काय माहीत? आजवर कुणी बोलावलंच नाही. रिकाम्या वाटेला जेवायला कोण बोलावतं? एक तर खुळा, नाही तर सरकार."

पण तिला स्वयंपाकघर हवं होतं, म्हणून ती पुन्हा ढवळायला लागली. मला नोकरी हवी होती, म्हणून मी नगारा वाजवला.

पहिले तीन दिवस काही झालं नाही. मी ओरडलो, पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, सगळे आत जाऊन जेवले. लिंबात मुरवलेला मासा, भट्टीत भाजलेला कसाव्याचा कंद, अळूच्या पानांत बांधलेलं नारळाचं दूध. ऑस्ट्रेलियातल्या बॅलरॅटची ब्रॉनविन नावाची निवृत्त शिक्षिका होती, तिनं तीनदा वाढून घेतलं आणि चौथ्यांदा कुणी बघत नसताना.

चौथ्या दिवशी मी हाक मारली, आणि फळीच्या मागच्या झाडीतून उत्तर आलं.

"जेवोनि आलो. तुम्ही बैसा."

बाईमाणसाचा आवाज. म्हातारा, स्वच्छ, अजिबात घाई नसलेला. आणि बोली अशी, की चर्चच्या कपाटातल्या वाळवी लागलेल्या पुस्तकात सापडावी. आमच्याकडे आता असं कुणी बोलत नाही. आमचा पाद्रीसुद्धा नाही, आणि तो तर जाणूनबुजून कठीण बोलतो.

पाहुण्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या. मी आधी मामाचा संशय घेतला. पण मामा माझ्या शेजारीच उभा होता, तोंडात अख्खं केळं.

"मामा, ऐकलंस?"

मामानं केळं गिळलं. "ऐकलं."

"कोण होतं?"

"कोण का असेना. बोलले तर किती नीट! नाही तर तू. तुला हाक मारली की म्हणतोस, काय कटकट आहे."

मी शहरात शिकलेला माणूस. मी जाऊन पाहिलं. झाडीत एक वटवट्या बेडूक, दोन शंख ओढत चाललेले खेकडे आणि एक पडलेला नीरफणस होता. झाडी संपते तिथे थेट खडक आणि समुद्र. लपायला जागा नाही. मी परत आलो आणि आत्याला सांगितलं. तिनं विचारलं, "नको म्हणाले ना?"

"हो."

"मग झालं तर. माणसं चांगली आहेत."

पाचव्या दिवशी तेच. सहाव्या दिवशी दोन आवाज. सातव्या दिवशी बरेच, वेगवेगळ्या उंचीवरून, एखादं लहान मूलही, जे 'बैसा' म्हणताना बोबडं बोललं. पाहुणे आता साडेपाचलाच किनाऱ्यावर येऊन बसत. हॅमिशनं मला बाजूला घेऊन विचारलं, "तुझ्या गावकऱ्यांना याचे वेगळे पैसे द्यावे लागतील का?"

"ते काही मागणार नाहीत, बॉस," मी म्हणालो. खोटं बोलायचं नव्हतं मला.

नवव्या दिवशी मी तीन हाका मारल्या आणि उत्तर आलं नाही. झाडी हललीसुद्धा नाही. पाहुण्यांनी हिरमुसून फोन खाली केले.

आत गेलो तर आत्या दारात उभी होती, हातात डाव. "आज नको म्हणाले नाहीत?"

"नाही."

"मी सांगितलं होतं, माणूस दिसल्याशिवाय बोलवू नका म्हणून. रोज रोज बोलावल्यावर कुणीही असलं तरी किती दिवस नाही म्हणेल?" असं म्हणून ती वळली, आणि थोडा विचार करून तिनं भट्टीत आणखी बारा कसावे टाकले.

जेवणाआधी आमचं चर्चचं भजनी मंडळ गातं. मंडळाची अवस्था अशी की सहा बायका, मामा आणि मी. खर्जातला एकही माणूस नाही. खर्जातले सगळे ऑस्ट्रेलियात द्राक्षं तोडतात. मामा स्वतः खर्ज लावायला जातो तेव्हा त्याला खोकला येतो, आणि तो खोकला आता तिसऱ्या कडव्यात धरलेलाच असतो. त्या दिवशी बायकांनी सुरू केलं, मामानं खोकण्यासाठी श्वास घेतला, आणि खालून खर्ज आला.

पायाखालून आला असं आधी वाटलं. जमिनीच्या फळ्या गुणगुणू लागल्या, मेजावरचे पेले हलके थरथरले. तीस-चाळीस पुरुष असावेत. इतके तयारीचे, की आमच्या बायका घाबरायच्या ऐवजी खुलल्या. तीस वर्षांत न लागलेले सूर लागले. मामाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो खोकायचं विसरून गेला होता. गाणं संपलं तेव्हा ब्रॉनविन रडत होती, तिचा नवरा रडत होता, आणि हॅमिश भुकेनं रडत होता, पण दिसायला सारखंच.

नंतर ब्रॉनविननं फोनवर ते परत लावून दाखवलं. आमचे आवाज होते. खर्जही होता. फक्त तो प्रत्येक ओळ आमच्यापेक्षा अर्धा श्वास आधी संपवत होता. जेवण गार होईल म्हणून घाई असल्यासारखा.

मग सगळे जेवायला बसले. दालनाचं समुद्राकडचं टोक सगळ्यात चांगलं; तिथून सूर्य दिसतो, वारा लागतो. त्या चटयांवरून रोज पाहुण्यांत गोड बोलून मारामारी व्हायची. एका माणसानं तर दुपारी दोनपासून तिथं टोपी ठेवलेली होती. त्या दिवशी मी पाणी घेऊन आत आलो आणि पाहतो तर चोवीसच्या चोवीस पाहुणे स्वयंपाकघराच्या दाराशी, एकमेकांच्या मांड्यांना मांड्या लावून दाटीनं बसलेले. समुद्राकडचं, मानाचं वरचं टोक सबंध रिकामं. टोपी तेवढी होती.

"इथं धूर येतो," मी म्हणालो. "वर जागा आहे की."

"नको," टोपीवाला म्हणाला. "इथंच बरं आहे." का बरं आहे, ते त्याला सांगता आलं नाही. त्यानं टोपीकडे बघितलं आणि ती आणायला तो काही उठला नाही.

ब्रॉनविनची पिशवी मात्र वर राहिली होती. ती उठली, चालत गेली, आणि रिकाम्या चटयांपाशी पोचल्यावर वाकली. चांगली कमरेत वाकली. एक हात खाली धरून, हळूहळू पावलं टाकत, हळू आवाजात म्हणत गेली, "तुलोऊ... तुलोऊ..."

बसलेल्या मोठ्या माणसांपुढून जाताना हा शब्द म्हणतात. आम्ही तो लहानपणी थपडा खाऊन शिकतो. पाहुण्यांना कुणी शिकवत नाही. मी तर नाहीच, माझा अभ्यासक्रम हंसाच्या पुढे गेला नव्हता.

"मॅडम," ती परत आल्यावर मी विचारलं, "हा शब्द तुम्हाला कुणी शिकवला?"

"कुठला शब्द?" ती म्हणाली. "गुडघा धरलाय माझा, त्यामुळे वाकावं लागतं." मग तिनं मागे वळून त्या रिकाम्या चटयांकडे बघितलं आणि ती हसली. आजारातून उठलेल्या म्हाताऱ्याकडे बघून हसतात, तसं.

वरच्या टोकाला आत्यानं सवयीनं ताटं मांडली होती. जेवणं झाल्यावर ती जशीच्या तशी परत आली. एक पानसुद्धा हललेलं नव्हतं. आत्यानं कसाव्याचा तुकडा मोडून तोंडात टाकला, थांबली, मग माशाचा टाकला.

"मीठ गेलं," ती म्हणाली.

"घातलं नसशील."

तिनं माझ्याकडे असं बघितलं, की मी दोन पावलं मागे सरकलो. ती परत ताटाकडे वळली. चेहऱ्यावर भीती नव्हती. मला तो चेहरा ठाऊक होता. लग्नात पंगत उठल्यावर, भांडी रिकामी बघताना तिचा तो होतो. "उद्या थोडं जास्त घालते," ती म्हणाली.

त्यापुढचे जवळजवळ पाच आठवडे म्हणजे आमच्या बेटावर इतका आनंद मी कधी बघितला नाही. बारा झोपड्या भरलेल्या, बोटी भरून माणसं येतायत. सगळे दाराशी दाटीवाटीनं बसून जेवत आणि लिहून जात, की आपल्या माणसांत आल्यासारखं वाटलं. जर्मनीहून आलेले दोन दंतवैद्य वरच्या टोकाला वळसा घालून, गुडघ्यांवर रांगत जात, तुलोऊ म्हणत, आणि परत आल्यावर एकमेकांना विचारत की आपण रांगलो का. मंडळ असं गात होतं, की शेजारच्या बेटावरून माणसं होडीनं ऐकायला येऊ लागली. मामानं केस विंचरायला सुरुवात केली. गावातली मुलं घाबरली नाहीत, म्हातारे घाबरले नाहीत. मीही नाही. खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. इतकी वर्षं ती माणसं तिकडे एकटी होती आणि आम्ही पाऊण तासावर जेवत होतो.

आत्या रोज रात्री परत आलेली ताटं चाखायची. "आज मासाही आवडला," असं म्हणायची.

सहा आठवडे पुरे झाले. शेवटच्या दिवशी दुपारी बाराला हॅमिशचा फोन टुणकन वाजला. त्यानं घास खाली ठेवला आणि सांगितलं, "केलेरा, आज संध्याकाळी जेवणानंतर निर्णय सांगतो."

"काय सांगणार?" मी विचारलं.

"जेवण उत्तमच आहे," हॅमिश म्हणाला. "पण तो शेफ... त्याचं आणखी एक गाजर आलंय फोटोत."

आत्या त्या दिवशी सकाळपासून उभी होती. तिचा नेम असा, की सगळी पंगत उठल्याशिवाय रांधणारीनं घास घ्यायचा नाही. तीस वर्षांत तिनं तो मोडला नव्हता. आणखी एक सांगायला हवं. ती चर्चच्या महिला मंडळाची प्रमुख होती आणि खोटं बोलत नसे. म्हणजे बोलायचं ठरवलं तरी तिला जमत नसे. कान लाल होत आणि खरं बाहेर येई.

सहा वाजले. सूर्य टेकला. मी ओट्यावर जाऊन नगाऱ्याची टिपरी उचलली.

नगारा वाजला.

मी वाजवला नव्हता.

आवाज झाडीतून आला होता. जुना, जाड आवाज, ओल्या लाकडाचा. पाहुणे हसत हसत गप्प झाले. मामा केळं सोलता सोलता थांबला.

मग ती बाई बोलली. पहिल्या दिवशीची, तीच.

"रांधिले जिने, तिने जेवावया यावे."

माझ्या मागं पातेल्याचं झाकण पडलं.

आत्या ओट्यावर आली होती. हात पुसत. "मला बोलावतायत," ती म्हणाली. तिच्या आवाजात धाक नव्हता. लाजल्यासारखी वाटली ती. रीत असूनही तीस वर्षांत तिला कुणी खरंच जेवायला बोलावलं नव्हतं. सगळे तिच्याकडेच यायचे.

"जेवले म्हण," मी म्हणालो.

"कुठं जेवलेय?"

"अगं म्हणायचं नुसतं! सगळेच म्हणतात!"

"दारात म्हणायचं वेगळं. हे पंगतीचं बोलावणं आहे, कुकी. खोटं कसं बोलू?"

"जिने रांधिले," आवाज म्हणाला. जरा जवळून.

आत्यानं कमरेचं फडकं सोडलं. घडी घातली. माझ्या हातात दिली.

मामा म्हणाला, "केलेरा, खुळेपणा करू नकोस."

"तू गप. तीस वर्षांत एकदा तरी म्हणालास, केलेरा, तू बस, मी वाढतो?"

मामानं अर्धं सोललेलं केळं खाली ठेवलं.

ती पायरी उतरली.

मी आत धावलो, भट्टीवरून गरम कसावा उचलला, बोटं भाजली, धावत आलो आणि तिसऱ्या पायरीवर तिला गाठून तो तिच्या तोंडात कोंबला. स्वतःच्या आत्याच्या. चोवीस पाहुण्यांसमोर.

ती माझ्याकडे बघत राहिली. गाल फुगलेले.

"चाव," मी म्हणालो. "गीळ."

तिनं चावलं. गिळलं.

"आता सांग."

आत्या झाडीकडे वळली. तिचे कान लाल नव्हते. "जेवले!" ती ओरडली. "तुम्ही बसा!"

लाट आली, गेली. झाडीत कुणीतरी सुस्कारा सोडला असावा, किंवा वारा.

मग तोच आवाज, थोडा खट्टू. "मग आणखी कोणी? पान मांडिले आहे."

आणि माझ्या मागून, ओट्यावरून, सहा तास उपाशी, आध्यात्मिक डोळ्यांच्या, प्रसन्न हॅमिशनं उत्तर दिलं.

"ईयो!"

"बॉस," मी म्हणालो. "नको."

"अरे, केवढं सुंदर केलंय तुम्ही लोकांनी!" तो म्हणाला. त्याचा फोन टुणटुण करत होता. त्यानं तो माझ्या हातात दिला, चपला फळीखाली काढल्या, पाहुण्यांना हात केला आणि झाडीत शिरला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी खर्ज लागला नाही. मामा खोकला.

आम्ही कंदील घेऊन शोधलं. बेडूक होता. दगडी जोत्यांवर आमच्याच झोपड्या होत्या. चपला तशाच फळीखाली.

सकाळी न्याहारीच्या वेळी हॅमिश झाडीतून चालत आला. अनवाणी, ताजातवाना, अंगाला भट्टीच्या धुराचा वास. डोळे खोल नव्हते. त्यानं सुवाला फोन लावला, गाजरवाल्याला नको म्हणून कळवलं, आणि आत्यासमोर उभा राहिला.

"स्वयंपाकघर तुझं," तो म्हणाला. "काल जे जेवलो, त्याच्या जवळपास फक्त तुझ्या हातचं येतं."

गावानं त्या दिवशी दोन डुकरं कापली. दोन्ही हॅमिशची. आत्या नाचली, मामानं तिला पहिलं ताट स्वतः वाढलं आणि अर्धं सांडलं. सुनेला पत्र गेलं, की चिठ्ठी काढलीस तरी चालेल, मी येत नाही.

याला आठ महिने झाले. रिसॉर्ट झकास चाललंय. आमच्या नियमपुस्तकात आता पहिलाच नियम आहे: सगळ्या नोकरांनी, रांधणारीसकट, संध्याकाळी पाचला जेवायचं. कुठल्याशा संस्थेनं त्याबद्दल आम्हाला प्रशस्तिपत्र पाठवलंय. सहाला मी नगारा वाजवतो, झाडीतून नको म्हणतात किंवा म्हणत नाहीत. वरच्या टोकाची ताटं बिनमिठाची परत येतात. मंडळात खर्ज आहे.

त्या खर्जात हॅमिशही असतो. त्याला गाता येतं हे आम्हाला ठाऊक नव्हतं. तो प्रत्येक ओळ आमच्यापेक्षा अर्धा श्वास आधी संपवतो. पाहुणे त्याच्यासमोरून जाताना वाकतात.

आणि तो जेवत नाही. बारानंतर नाही, बाराआधी नाही, कधीच नाही. तरी अंगानं चांगला भरलाय. त्याचे शर्ट आता होत नाहीत, म्हणून मामानं आपला एक दिला. आत्याला याचं फार लागतं. ज्यानं स्वयंपाकघर दिलं, त्यानंच आपल्या हातचं खाऊ नये? रोज ती त्याचं ताट वाढून दारात उभी राहते आणि हाक मारते, "या, जेवायला!" एके काळी एकच शब्द येणारा हॅमिश न थांबता, किनाऱ्यानं जाता जाता, स्वच्छ आवाजात म्हणतो:

"जेवोनि आलो. तुम्ही बैसा."

गेल्या आठवड्यात तिनं त्याला अडवलंच. "बॉस, असं काय वाढतात हो तुम्हाला तिकडे?"

हॅमिशनं बराच विचार केला. "सगळं असतं," तो म्हणाला. "पण हल्ली मीठ कमी पडतं. तिकडची रांधणारी थकलीय." मग जाता जाता वळून, तिला बरं वाटावं म्हणून म्हणाला, "चूल मात्र मोठी आहे."

काल पाचला मी आत्यापुढे तिचं ताट ठेवलं. तिनं एक घास घेतला, दुसरा हातात तसाच धरला, आणि झाडीकडे बघत मला विचारलं, "मोठी म्हणजे केवढी असेल रे?"